‘योजना भरपूर, पालकच आळशी’ या विधानाबद्दल

एक पालक : ‘निरामय, आयुष्मान, महात्मा फुले अशा सरकारी आरोग्यविमा योजना हात जोडून उभ्या असताना दिव्यांगांचे पालक रडतात, कारण त्यांना अर्ज भरण्याचा आळस आहे,’ असे जुना कारकून यांनी काल येथे लिहिले. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर ताबा न राहणे) आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेचे पाच लाख रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतात. आमचा खर्च मात्र फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि रोजच्या गोळ्या यांवर, म्हणजे खाट न अडवता होतो. त्याला हातभार लावते ती ‘निरामय’, आणि तिची मर्यादा वर्षाला एक लाख, तीही आत प्रत्येक प्रकारच्या खर्चाला वेगळी पोटमर्यादा ठेवून.

जुना कारकून : ‘निरामय’ला आरोग्याची पूर्वतपासणी नाही, वयाची अट नाही, नोंदणीला 500 रुपये आणि दारिद्र्यरेषेखाली 250. एवढ्यात कोणती खासगी कंपनी आपल्याला दारात तरी उभे करील?

कोकणी वाट : माझी बहीण जन्मांध आहे; तिने कोणत्या दारात उभे राहावे? ‘निरामय’ 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातील स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, विम्याचाही उल्लेख केला. 2015 मध्ये आलेली ‘स्वावलंबन’ योजना 355 रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देत होती, अंधांनाही. ती गुंडाळली गेली. यात आमचा आळस कोठे आला?

जुना कारकून : अंधांचा मुद्दा मान्य. पण ज्यांना ‘निरामय’ मिळते, त्यांनी तरी पावत्या नीट जोडाव्यात.

एक पालक : पावत्यांचे नाव काढलेत, तर ऐकाच. आधी पदरचे पैसे भरायचे, मग परतावा मागायचा. गेल्या वर्षी अकरा पावत्या परत आल्या, कारण थेरपिस्टबाईंच्या शिक्क्यातील नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पुसट उमटले होते. पावत्यांवर नव्याने शिक्का मारून घ्यायला मी पुन्हा गेलो, तोवर बाई गाव सोडून गेल्या होत्या.

कोकणी वाट : आणि ज्या गावात थेरपिस्टच नाही, तेथे शिक्का कोण मारणार?

जुना कारकून : मी तीस वर्षे देयके तपासली आहेत, अपुरा क्रमांक मीही परत पाठवला असता.

एक पालक : पाठवला असताच! मुलाचा पाय आखडतो आहे की सरळ होतो आहे, हे टेबलापलीकडून दिसत नाही.

जुना कारकून : आवाज खाली ठेवा. अकराच्या अकरा पावत्या एकदम परत करणे गैर होते. फोन करून क्रमांक विचारता आला असता, एवढे कबूल करतो. ‘आळशी’ हा शब्दही मागे घेतो. आता दरवर्षी नूतनीकरणाची तारीख हुकवून मग येथे येऊन भांडणाऱ्यांसाठी योग्य शब्द आपणच सुचवावा.