शब्दचर्चा : डिलिरिअम म्हणजे भ्रम, वात की चळ?

प्रश्न : वृद्धांच्या आजारांवरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. डिमेन्शियाला ‘स्मृतिभ्रंश’ रुळलाय, पण डिलिरिअमला, म्हणजे आजारपणात अचानक उडणाऱ्या मनाच्या गोंधळाला, काय म्हणावं? भ्रम, उन्माद, सन्निपात असे बरेच पर्याय समोर आहेत. आमच्याकडे तर दोन्हींना सरसकट ‘चळ लागला’ म्हणतात.

प्रतिसाद : ‘चळ’ अजिबात नको. चळ म्हटलं की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचे मोकळे होतात आणि डॉक्टरकडे नेणं राहून जातं. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो, डिलिरिअम काही तासांत नाहीतर दोन-चार दिवसांत उभा राहतो. कालपर्यंत पेपर वाचणारा माणूस आज सुनेला ओळखत नाही, आणि दुपारी पुन्हा जरा बरा असतो. मूळ बरेचदा मेंदूबाहेर सापडतं : लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं फार घसरलेलं सोडियम, उतरलेली साखर, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, रोजची दारू एकदम बंद होणं. वेळेत उपचार झाले तर पुष्कळजण पूर्ववत होतात.

‘भ्रम’ही नेमका नाही. भ्रम म्हणजे खोटी समजूत आणि भास म्हणजे नसलेलं दिसणं-ऐकू येणं. डिलिरिअममध्ये दोन्ही असू शकतात, पण मुख्य बिघाड लक्ष टिकण्यातला असतो. म्हणून डॉक्टर वार उलटे म्हणायला लावतात. रविवार, शनिवार, शुक्रवार... आणि पेशंट खिडकीकडे बघत बसतो, नाहीतर पुन्हा शनिवारवर येतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला हे बहुधा जमतं. सकाळी काय खाल्लं, ते मात्र आठवत नाही.

प्रतिसाद : आपला जुना शब्द ‘वात’. ‘तापात वात झाला’, ‘वातात बरळतोय’ असं जुनी माणसं म्हणायची. तिन्ही दोष एकदम बिघडले की सन्निपात. मराठी विश्वकोशात टायफस या तापाला ‘प्रलापक सन्निपात ज्वर’ म्हटलंय. प्रलाप म्हणजे बरळणंच. टायफस हा शब्दही धूर, धुंदी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. पण आज वात म्हटलं की गुडघेदुखीच आठवते. शिवाय डिलिरिअमचा एक प्रकार बरळत नाही. पेशंट नुसता पडून असतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो, आणि घरचे म्हणतात, ‘आज शांत आहेत’. हाच प्रकार जास्त निसटतो.

प्रश्नकर्ती : मग ग्लानी, गुंगी आणि बेशुद्धी?

प्रतिसाद : गुंगी औषधाची, भुलीची. ग्लानी आजाराची : हाक मारली की डोळे उघडतात, पुन्हा मिटतात. ‘बेशुद्ध’ मात्र फार सैल शब्द. भोवळ येऊन मिनिटभरात उठलेलाही बेशुद्ध आणि कोमातलाही बेशुद्ध. हीच अडचण इंग्रजीतही होती, म्हणून 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या मेंदूच्या सर्जननी विशेषणं बाजूला ठेवून पायऱ्या ठरवल्या. आज त्यांना जास्तीत जास्त असे गुण देतात : डोळ्यांना 4, बोलण्याला 5, हालचालीला 6. एकूण 15, कमीत कमी 3. बोलण्याच्या पायऱ्या मराठीत सहज बसतात : नीट बोलणं 5, गोंधळलेलं 4, तुटक असंबद्ध शब्द 3, नुसतं कण्हणं 2, काहीच नाही 1. फोनवरही ‘बेशुद्ध आहेत’ म्हणण्यापेक्षा ‘चिमटा काढला तर हात ओढून घेतात, पण डोळे उघडत नाहीत’ असं सांगितलं तर डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.

प्रतिसाद : ताई, मी तुमच्या जागी असतो तर ‘अचानक आलेला संभ्रम’ असं लिहिलं असतं आणि शेजारी ‘डिलिरिअम’ ठेवला असता, कारण केसपेपरवर तोच दिसणार. आणखी एक वाक्य ठळक टाइपात घाला : स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला डिलिरिअम अधिक सहज होतो, तेव्हा ‘त्यांचं आधीपासूनच असं आहे’ म्हणून थांबू नका, कालच्यापेक्षा आज काय बदललं ते डॉक्टरांना सांगा.