मदत हवी आहे: घाईची लघवी, गोळीने तोंड कोरडं पडतंय, पुढे काय?

रानजाई:
आईचं वय ६४. दिवसा १२-१३ वेळा लघवी, रात्री तीनदा उठणं. लागली की दम धरवत नाही, कधी वाटेतच होते. लघवीची तपासणी, कल्चर, साखर सगळं नॉर्मल. सॉलिफेनासिन (मूत्राशयाचं आवळणं कमी करणारी गोळी) ५ मिग्रॅ सुरू करून दोन आठवडे झाले. तोंड कोरडं, पोट साफ नाही. तिने पाणी निम्म्यावर आणलंय, तरी घाई तशीच. गोळी बंद करावी का? व्यायामाने खरंच फरक पडतो?

ओंजळ:
आधी पाणी पूर्ववत करा. गडद लघवी मूत्राशयाला जास्त चाळवते, वर बद्धकोष्ठ वाढतं आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. हृदय-किडनीमुळे बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर. झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी. चहा-कॉफी दोन आठवडे बंद करून बघा.

मग तीन दिवस डायरी ठेवा. मोजपात्रात प्रत्येक खेपेची लघवी मि.ली.मध्ये, वेळ, काय प्यायलं, घाई होती का, गळली का. खेपेला १००-१५० मि.ली.च येत असेल तर मूत्राशय भरायच्या आधीच आवळतंय. खेपेला ३००च्या वर आणि २४ तासांत तीन लिटर भरली, तर मूळ दुखणं मूत्राशयाचं नाही, लघवीच जास्त बनतेय. रात्रीची, सकाळची पहिली धरून, एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर पायावरची सूज, झोपेत श्वास अडकणं, उशिरा घेतलेली लघवी वाढवणारी गोळी हे तपासा. डायरीशिवाय औषध बदलणं म्हणजे अंधारात तीर.

लघवी धरण्याचा सराव असा: सध्या तासाला जात असतील तर तासानेच सुरुवात, दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत तीन तासांपर्यंत. सहा आठवडे तरी द्या. मधेच घाई आली तर धावायचं नाही, धावताना पोटाचा दाब वाढतो आणि तिथेच गळते. थांबा किंवा बसा. वारा अडवताना आवळतो तेच स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा. पोट-मांड्या सैल, श्वास चालू. त्याने मूत्राशयाचा स्नायू ढिला पडतो. लाट ओसरली की सावकाश जा. ‘निघण्याआधी उगाच एकदा जाऊन येते’ ही सवयही मोडा.

रानजाई:
लघवी करताना मधेच धार थांबवून सराव चालेल?

ओंजळ:
स्नायू ओळखायला एकदा ठीक. रोज नको, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

गवतफूल:
गोळी परस्पर बंद करू नका; पूर्ण गुण यायला चारेक आठवडे लागतात. पण सॉलिफेनासिनच्या गटातल्या गोळ्या लाळग्रंथी आणि आतड्यांनाही सुस्त करतात, म्हणून त्रास डॉक्टरांना सांगाच. काचबिंदू असेल किंवा विसरभोळेपणा वाढला असेल तर तेही. मिराबेग्रॉन ही याच त्रासावरची, पण वेगळ्या गटातली गोळी, तिने तोंड कमी कोरडं पडतं. मात्र बीपी मोजत राहावं लागतं, १८०/११०च्या वर असेल तर देत नाहीत. सोनोग्राफीत लघवीनंतर आत किती उरते तेही बघून घ्या. जास्त उरत असेल तर सॉलिफेनासिनने तुंबू शकते.

गोळ्यांनी भागलं नाही तर घोट्याजवळच्या नसेला विद्युत उत्तेजन (आठवड्याला ३० मिनिटं, १२ बैठका) किंवा मूत्राशयात बोटॉक्सचं (स्नायू सैल करणारं) इंजेक्शन. बोटॉक्सने काही महिने आराम पडतो, पण लघवी अडून काही काळ, कधी काही आठवडेही, नळी लागू शकते, हे आधी माहीत हवं.

लघवीत रक्त, तापासह कंबरदुखी, लघवी अडणं किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर डायरी-बियरी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.