धडगावचे पाडे नकाशावर टाकायचे, पण परवानगी कोणाची घ्यायची?

प्रश्न: तोरणमाळ_वाट (शहादा)

नमस्कार मंडळी. मी शहाद्याचा, नोकरीमुळे धडगावला राहतो. इथल्या गावांचे पाडे कुठल्याच नकाशावर धड दिसत नाहीत. गावाच्या नावाचा एक ठिपका असतो, आणि पाडे मात्र डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर, एकमेकांपासून तासाभराच्या चालीवर. १०८ ला फोन केला की ड्रायव्हरला फक्त गावाचं नाव कळतं. बाळंतपणाची बाई झोळीत घालून खाली रस्त्यावर आणली, आणि गाडी दुसऱ्याच फाट्यावर उभी, हे इथे नवीन नाही. म्हणून कॉलेजची काही पोरं, आशाताई आणि मी मिळून पाडे, पायवाटा, पाण्याच्या जागा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकतो अशा खुल्या ऑनलाइन नकाशावर, टाकायचं ठरवलं.

उपग्रहाच्या चित्राची मोठी प्रिंट काढून एका पाड्यात ओट्यावर पसरली. सुरुवातीला सगळे लांबूनच बघत होते. मग एका आजीने महूच्या झाडाची काळी सावली ओळखली, त्यावरून स्वतःचं घर शोधलं आणि बोट ठेवलं. त्यानंतर कोणी थांबेना. कुठली वाट पावसाळ्यात बंद होते, नाल्याला पूर आला की वरच्या अंगाने कसं जायचं, वैशाखातही न आटणारा झिरा कुठला, प्रत्येकाच्या शेताचा बांध कुठून जातो, रानातली देवाची जागा, सगळं त्या कागदावर आलं. इतकी बारीक माहिती मी कुठल्याच सरकारी नकाशात पाहिलेली नाही.

शेवटी एका दादांनी विचारलं, "हे कोण कोण बघणार?" मी सांगितलं, जगातला कोणीही. तेव्हा ते म्हणाले, शेतं काढू नका, आमचे वनहक्काचे दावे अजून अडकलेत. बायका म्हणाल्या, झिरा नको, उन्हाळ्यात तेवढंच पाणी असतं. देवाच्या जागेबद्दल तर दुमत नव्हतंच. पण वरच्या पाड्याचं म्हणणं उलट: आमची शेतं काढाच, म्हणजे आम्ही इथे राहतो याला पुरावा होईल.

आता सगळं फोनमध्ये पडून आहे, अपलोड केलेलं नाही. ऑनलाइन मदत करणाऱ्या बाहेरगावच्या मंडळींचे रोज मेसेज येतात: किती घरं झाली, किती किलोमीटर वाटा झाल्या, अजून दिसत का नाही? त्यांची तळमळ खरी आहे. तरीही आकडा वाढावा म्हणून लोकांचा नकार बाजूला सारायला मी तयार नाही. परवानगी द्यायची कोणी? गावाने, पाड्याने, की ज्याचं शेत त्याने? कोणी हे काम केलं असेल तर सांगा.

उत्तर: तापीकाठ (जळगाव)

दादा, थांबलात ते फार चांगलं केलंत. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला. २०१२ पासून त्याच्या डेटाला जो परवाना आहे त्यानुसार कोणीही, अगदी मोठी कंपनीसुद्धा, श्रेय देऊन तो वापरू शकते. चढवलेली गोष्ट पुढे पुसली तरी जुनी आवृत्ती इतिहासात राहते, आणि तोवर किती जणांनी ती उतरवून घेतली याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे आधी चढवू, नको असेल तर काढू, हा मार्ग इथे उपलब्धच नाही.

त्या नकाशाच्या बाजूनेही एक सांगतो. गूगलचं मॅप मेकर २००८ ते २०१७ चाललं. लोकांनी फुकट राबून गल्ल्याबोळ भरले, पण मालकी कंपनीकडे राहिली. ओपनस्ट्रीटमॅपवर निदान तुमचं गाव आपलाच डेटा कधीही उतरवून घेऊ शकतं, छापू शकतं, कोणाला पैसे न देता. गाडी पोहोचवायची तर हीच जागा योग्य.

पण शेतं तिथे नकोत. माणसांची नावं आणि खासगी माहिती त्या नकाशावर टाकू नये असा तिथल्या मंडळींचाही संकेत आहे. शेतं क्यूजीआयएसमध्ये (आपल्याच संगणकावर नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) वेगळ्या फाइलीत ठेवा, प्रिंट गावाला द्या.

आणि एक अवघड गोष्ट. घराचं छप्पर वरून दिसतं. जर्मनीत बसलेला माणूस तुम्हाला न विचारता ते चौकोन काढू शकतो, काढतोही. पण नाव, वाट, पाणी हे फक्त तिथल्या माणसाकडून कळतं. म्हणून परवानगीचा खरा प्रश्न या तीन गोष्टींचा आहे. माझ्या मते पाड्याचं नाव आणि ठिपका टाकायला हरकत नसावी, त्यात नुकसान काही नाही.

उत्तर: अक्राणीचा (धडगाव)

मी पावरा आदिवासी आहे आणि आमच्या वनहक्क समितीत काम करतो. तापीकाठ सरांचं बाकी सगळं पटलं, शेवटचं वाक्य नाही पटलं. नुकसान आहे की नाही हे ठिपक्यात राहणाऱ्यांनी ठरवायचं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्राणी (म्हणजे आपला धडगाव तालुका) आणि अक्कलकुवा तालुक्यातली. तिथे आधी मोजणीवाले आले आणि मग पाणी आलं. त्या गावांचे सोयरे आमच्या पाड्यांत आहेत. कागद घेऊन माणूस आला की म्हातारी माणसं गप्प का होतात, ते यातून समजून घ्या.

वरच्या पाड्याला पुरावा हवा, तेही चूक नाही, फक्त जागा चुकतेय. वनहक्क कायदा २००६ चा. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. ऑनलाइन नकाशावर तुम्ही आज शेत काढलं की त्याच्यावर आजची तारीख पडते. उद्या कोणी म्हणेल, बघा, हे शेत आत्ता उगवलं. तिथे कोणाशी भांडणार? २०१२ च्या दुरुस्तीत नियमच आहे की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी नाही. म्हणजे म्हाताऱ्यांचा जबाब, जुनी पावती, दंडाची नोटीस, बांध, विहीर, हे सगळं आजही पुरावा आहे. महूच्या आणि सागाच्या सावलीतलं शेत वरून दिसतच नाही, म्हणून ते नव्हतं असं होत नाही. जीपीएसने मोजा, जरूर मोजा, पण तो कागद दाव्याच्या फायलीत लावा.

परवानगी कोणाची? पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे आहेत. त्यात पाड्यालासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येतं आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होते. म्हणून पाड्याचा निर्णय पाड्यातच घ्या, ग्रामपंचायतीच्या ठरावावर भागवू नका. पाण्याचा विषय बायकांच्या बैठकीत वेगळा काढा. पुरुष हो म्हणतील, पण हंडा त्यांच्या डोक्यावर नसतो.

उत्तर: रानपिंगळा (यावल)

मी पक्षी बघणारा. ज्याचं नाव घेऊन इथे लिहितो तो रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो तुमच्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. आज नेमकी जागा फुटली की कॅमेरेवाले जमतात आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्याला भंडावतात. म्हणून आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या साइटवर धोक्यातल्या प्रजातींची जागा मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करून दाखवतात. शास्त्राचं त्यामुळे काही अडलेलं नाही. पक्ष्यासाठी जगभर मान्य झालेली ही काळजी झिऱ्यासाठी आणि देवाच्या जागेसाठीही मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या दोन गोष्टी ऑनलाइन टाकूच नका. त्याने रुग्णवाहिकेचं काही अडत नाही.

उत्तर: बोरीकाठ (अमळनेर)

भाऊ, तुमनं म्हननं बरोबर शे. नावांचं तेवढं बघा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण ऑनलाइन नकाशांवर कितीतरी ठिकाणी जुनीच नावं आहेत. पोरीने नोकरीच्या अर्जाला पत्ता जोडला की जात आधी पोहोचते. पाड्यातले लोक स्वतःला काय म्हणतात ते विचारा आणि तेच लिहा. शेजारचं गाव काय म्हणतं ते लिहू नका.

तोरणमाळ_वाट (शहादा)

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्राणीचे दादा, तारखेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. आता पोरांशी बोलून असं ठरवलंय: जो पाडा हो म्हणेल त्याचं त्याने सांगितलेलं नाव, गाडी जिथवर येते ती जागा आणि तिथून वर जाणारी पावसाळी वाट एवढंच चढवायचं. शेतांचे कागद समितीकडे. झिरे आणि देवाची जागा फोनमधून पुसून मूळ प्रिंट पाड्यात ठेवायची. मदतीला बसलेल्या मंडळींनाही हेच कळवतो. त्यांना राग आला तरी चालेल.

एक गाठ सुटत नाही. वरच्या पाड्याने हो म्हटलंय, खालच्याने नाही. आणि वर जाणारी वाट खालच्या पाड्यातूनच जाते.

अक्राणीचा (धडगाव)

वाट दोघांची आहे, मग एकत्र बसवा. खालच्या पाड्याला विचारा, तुमचं नाव न लिहिता आणि घरं न दाखवता नुसती वाट काढली तर चालेल का? नाही म्हणाले तर नाही. मग वरच्या पाड्याचा ठिपका आणि गाडीची जागा टाका, मधली वाट आशाताईंना तोंडपाठ आहे, आणि आशाताईंचा नंबर १०८ च्या ड्रायव्हरकडे द्या. बैठक बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. बाजाराच्या दिवशी माणसं सापडत नाहीत. कारभारी आणि पुंजारा (पाड्याचा पुजारी) दोघांनाही आधी निरोप द्या. मी येतो.