उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन आयडलिंगवर (नुसतं मंद चालू) येतं म्हणून पेट्रोल वाचतं, हे म्हणणं कार्ब्युरेटरच्या (जुन्या गाड्यांत पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जमान्यातलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) इंधन तोडतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला इंधन लागतंच. कसारा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये माझ्या डिस्प्लेवरचा मायलेजचा आकडा थेट कमाल मर्यादेला जाऊन टेकतो.

अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते, तिथे न्यूट्रलने थोडं वाचतं खरं. पण घाटात नकोच, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: दोन-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं.