मदत हवी आहे: एडीएचडीच्या प्रश्नावलीचं मराठी तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्रात एमए करतेय आणि आमच्या मॅडमच्या संशोधनात मदतनीस आहे. विषय मराठी शाळांतल्या 7 ते 12 वर्षांच्या मुलांमधला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा अतिचंचलता असते ती अवस्था. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेप्रमाणे लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून शिक्षक आणि पालक दोघांनाही विचारतो.

अडलंय भाषेत. ‘मोटर लावल्यासारखं सतत पळत असतं’ हे वाचून एक आई थांबली, पेन खाली ठेवलं नि म्हणाली, “म्हणजे पायाला भिंगरी, तसंच ना?” अगदी तेच हवं होतं! पण विदर्भात, कोकणात हे कसं म्हणतात? आणि वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर बघत राहणाऱ्या मुली या प्रश्नांतून निसटतील, याची मला फार काळजी वाटते.

मूळ इंग्रजी न बघता आमचे मराठी प्रश्न परत इंग्रजीत करून देणारे दोघं-तिघं हवे आहेत, म्हणजे अर्थ कुठे बदललाय ते कळेल. शिवाय मुलांची तोंडी संमती घेतो, तेव्हा ‘नको वाटलं तर कधीही थांबूया’ हे सात वर्षांच्या मुलाला पटेल असं कसं सांगायचं? प्राथमिकच्या शिक्षकांनी जरूर सुचवा.