उवा नेमक्या कुणाच्या?
कुणीतरी लिहिलंय की १९३९ साली, दुसरं महायुद्ध सुरू होताना, बॉम्बहल्ल्याच्या भीतीने हलवलेली लंडनची मुलं खेड्यात पोचल्यावर तिथल्या बायकांनी त्यांच्या उवा आणि ओल्या अंथरुणांवरून उगीच नाकं मुरडली. अगदी उगीच नाही हो. १ ते ३ सप्टेंबर, तीन दिवसांत ब्रिटनभरातल्या शहरांतून सुमारे १५ लाख लोक हलवले, त्यातली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा खोका. पण उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच संपत होती, म्हणजे कित्येक आठवडे कुणाचं डोकं तपासलेलंच नव्हतं. उवा, खरूज सगळं सोबत गेलं.

मला खरी गंमत पुढची वाटते. इंग्लंडात शाळांतून वैद्यकीय तपासणी १९०७ च्या कायद्यापासून होती आणि कागदोपत्री उवांचं प्रमाण किरकोळ! नर्स येणार हे आधीच कळायचं, मग आई आदल्या रात्री फणी घेऊन बसायची. कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा औद्योगिक शहरांत जवळपास निम्म्या मुलींच्या डोक्यात उवा निघाल्या.

अंथरूण ओलं करण्याच्या तक्रारीचं मात्र वेगळं. पाच-सहा वर्षांचं पोर आईपासून तोडून परक्या घरात झोपवल्यावर दुसरं काय होणार? त्यात बऱ्याच घरी संडास अंगणापलीकडे, काळोखात.