सोयाबीन पाण्यात गेले, पण विमा कंपनी पूर्वसूचनाच घेत नाही: मदत हवी आहे

मांजराकाठ (मूळ प्रश्न): सप्टेंबरच्या पुरात पीक गेले. आमच्याकडे विमा भरल्याची पावती आहे. नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कंपनीला कळवायचे (यालाच पूर्वसूचना म्हणतात) असते, हे मागील वर्षांपासून ठाऊक असल्याने लगेच संपर्क साधला. परंतु प्रतिनिधी म्हणतो की आता वैयक्तिक नुकसानीचा दावा घेतला जात नाही. तक्रार कोठे करावी, हे कृपया लवकर सांगावे.

काळीभुई: हंगाम 2025 चा खरीपच ना? ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरून करायच्या शासकीय पीक नोंदणीत) सोयाबीनची नोंद आहे का? शेतात नुसते पाणी साचले की मातीही वाहून गेली?

निवृत्त कृषी सहायक: प्रतिनिधी या बाबतीत खरे बोलत आहे. राज्याने 2023 मध्ये आणलेली एक रुपयात पीक विम्याची योजना खरीप 2025 पासून बंद केली, शेतकऱ्याचा खरिपाचा हप्ता पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्के झाला आणि त्याच वेळी स्थानिक आपत्तीचे, म्हणजे एखाद्याच शेतातील पुरासारख्या नुकसानीचे, संरक्षणही वगळले गेले. आता महसूल मंडळातील (काही गावांच्या गटातील) पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे निवडक शेतांतील पीक कापून केलेल्या मोजणीतून, आलेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरले, तरच मंडळातील सर्व विमाधारकांना त्या प्रमाणात भरपाई मिळते. उंबरठा उत्पादन मागील 7 वर्षांपैकी उत्तम 5 वर्षांच्या सरासरीवरून काढतात.

काळीभुई: मग नदीकाठच्या माणसाने काय करावे? माळावरचे पीक तरले की मंडळाची सरासरी वर जाते आणि ज्याचे सर्वस्व गेले त्याच्या हाती काही लागत नाही. हप्ता वाढवून संरक्षण घटवणे मला अन्यायाचे वाटते.

निवृत्त कृषी सहायक: जुन्या योजनेत शासकीय जमिनींवरही बोगस अर्ज भरले गेले होते, त्यामुळे बदल आवश्यकच होता.

काळीभुई: बोगस अर्ज रोखायचे होते, तर ते रोखावेत. त्यासाठी बुडालेल्या शेताचे संरक्षण काढण्याचे कारण नव्हते.

मांजराकाठ: हंगाम तोच, ई-पीक पाहणी झालेली आहे. जमीन कोरडवाहू असून नदीलगतच्या पट्ट्यातील माती खरडून गेली आहे. विम्याचा मार्ग बंद असेल, तर दुसरे काय?

काळीभुई: हेच आधी हवे होते. शासनाचे अनुदान विम्याहून स्वतंत्र आहे. ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजनुसार कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी 8,500 रुपये, कमाल 3 हेक्टरांपर्यंत, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये आहेत. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये जाहीर झाले. तलाठ्याकडील पंचनाम्यात पिकाचे नुकसान आणि खरडलेले क्षेत्र वेगवेगळे नोंदले आहे का, ते प्रथम पाहा. नसेल, तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

निवृत्त कृषी सहायक: शेतकरी ओळख क्रमांक आणि आधार जोडलेले बँक खातेही तपासावे. मात्र विम्याची पावती जपून ठेवा. कापणी प्रयोगांचे निकाल लागल्यावर तुमचे मंडळ पात्र ठरू शकते.

मांजराकाठ: पंचनाम्यात केवळ पिकाची नोंद आहे, जमिनीची नाही. सोमवारी तहसील कार्यालयात अर्ज देतो. त्यासोबत खरडलेल्या पट्ट्याची छायाचित्रे आणि सातबारा पुरेसा होईल का?